लोद वाटेवरच आहे



माझ्या नातवाला शाळेतून एक गृहपाठ मिळाला होता. आपल्या घरची माणसे जगात जिथे जिथे राहतात ती गावे पृथ्वीगोलावर शोधायची, दोऱ्याने जोडायची आणि अंतर लिहायचे. आमच्या घराला तीनच टाचण्या लागल्या: मुंबई, लंडन आणि इस्रायलमधले लोद. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी याच तीन लागतील, फार तर लोदच्या जागी अश्दोद, दिमोना किंवा बीरशेबा.

पोराने संगणकावर विमानतळांची अंतरे काढली आणि कागदावर लिहिली. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई ते लोदचा विमानतळ, म्हणजे आजचा बेन गुरियन, सुमारे ४,०५०. लोद ते लंडन सुमारे ३,६००. मग त्याने बेरीज केली आणि मला विचारले, "आजी, लंडनहून मुंबईला सरळ गेलो काय आणि ताईआजीच्या घरावरून गेलो काय, फरक साडेचारशे किलोमीटरचाच आहे. मग तू दर वेळी जाताना तिच्याकडे का नाही उतरलीस?"

मी चाळीस वर्षांत इतक्या वेळा ये-जा केली, पण हा हिशेब कधी मांडला नव्हता. साडेचारशे किलोमीटर म्हणजे विमानाला अर्ध्या-पाऊण तासाचे काम. लोद आपल्या वाटेवरच आहे. आणि तरी माझी थोरली बहीण लोदला आणि मी इंग्लंडात, अशा आम्ही दोघी आईच्या घरी एकत्र पोचलो त्या वेळा बोटांवर मोजता येतील. नातवाला उत्तर देताना मला बरेच मागे जावे लागले. तेच इथे लिहिते.

आधी आपल्या लोकांच्या अंतर मोजण्याच्या पद्धतीबद्दल. माझी आजी रेवदंड्याकडची. तिच्या तोंडी मैल कधीच नसत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला बोट किती वाजता सुटते, भरती आहे की ओहोटी, रेवसला पुढे गाडी मिळते की नाही, यावर मुंबई लांब की जवळ ते ठरे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेच गाव एकदम दूर जाई. पुढे मी कधी तिला म्हटले की आगबोटीने विलायतेला तीन आठवडे लागत, तर ती विचारी, "उतरायला कोण येतं?" तिच्या दृष्टीने प्रवास तिथे संपे. (समाजातला पहिला आकाशप्रवास अर्थात एलियाहू हन्नाबीचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. त्याला वेळ किती लागला ते कोणी विचारलेले नाही.)

आता विमाने. लंडन ते हिंदुस्थान अशी नियमित विमानसेवा इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत सात दिवस. भाडे १३० पौंड, म्हणजे आपल्या लोकांच्या स्वप्नातही न बसणारे. विमान म्हणावे तर सगळा प्रवास विमानाचाही नव्हता. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत एक विमान, बाझल ते इटलीतले जिनोआ आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, आणि इजिप्तहून पुढे तीन इंजिनांचे तिसरेच विमान. रात्री उड्डाण नाही. प्रवासी संध्याकाळी उतरत, जेवत, झोपत, पहाटे पुन्हा निघत.

आपल्या दृष्टीने त्यातली गंमत पुढे आहे. इजिप्तहून निघालेले ते विमान उतरे कुठे? गाझाला. तिथून जॉर्डनपलीकडच्या वाळवंटावरून इराकमधल्या रुतबाच्या विहिरींपाशी, मग बगदाद, बसरा, इराणचा किनारा आणि कराची. त्या वाळवंटात खूण म्हणून काहीच नसल्यामुळे ब्रिटिश हवाई दलाने मैलोन् मैल नांगराची सरी ओढून ठेवली होती. वैमानिक खाली सरी बघत बगदादला जात. रस्ता आकाशातला आणि आखलेला जमिनीवर! कराचीपासून मुंबईपर्यंतचा शेवटचा टप्पा जोडला तो जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका लहानशा पस मॉथ विमानातून ते स्वतः कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले. ज्या वर्षी टाटांनी हे केले त्याच वर्षी इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी संपवली आणि इम्पीरियलला आखाताच्या पलीकडच्या, अरब बाजूला, बहरीन आणि शारजाला तळ हलवावा लागला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येते.

१९३६ मध्ये ब्रिटिशांनी लोदजवळ, तेव्हाच्या लिद्दाजवळ, विमानतळ सुरू केला. १९३७ पासून मोठी पाण्यावरची विमाने इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनहून निघून अलेक्झांड्रियानंतर तिबेरियाजवळ, किनेरेतच्या पाण्यात उतरू लागली. तिथून इराकमधले हब्बानिया, मग बसरा, बहरीन, दुबई, ग्वादर, कराची. तिबेरिया म्हणजे आपल्या प्रार्थनेत, कथेत, नकाशात असलेले गालील. लंडनहून सॅम्युअल स्ट्रीटवरच्या कोणाला विमानटपालाने पत्र आले तर ते पत्र त्या तळ्याच्या काठी विसावून येई. इस्रायलचे राज्य अजून जन्माला यायचे होते. आपली माणसे अजून कोकणात आणि मुंबईत तेलाचे घाणे, रेल्वे, पलटण, दवाखाने, कचेऱ्या यांत होती. तेव्हा लोद वाटेवर होते, पण आपल्याला तिथे उतरण्याचे कारण नव्हते.

कारण निर्माण झाले आणि वाट बंद झाली, ती एकाच उन्हाळ्यात.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांशी युद्ध पेटले. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. स्वतंत्र भारताचे हे विलायतेचे पहिले विमान. ५ जुलै १९४८ ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, जिने पुढे आमच्यासारख्या किती नर्सना इकडे ओढले. बावन्न दिवसांत आपल्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे तयार झाले. जाण्याचे एक ठिकाण, जाण्याचे दुसरे ठिकाण, आणि मुंबईहून निघायचे साधन.

'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, चार पंख्यांचे विमान. ताशी वेग सुमारे पाचशे किलोमीटर. त्या पहिल्या खेपेला ३५ प्रवासी होते आणि तिकीट १,७२० रुपये. आठवड्यातून एक फेरी, प्रवास साधारण एका अहोरात्राचा. थांबे दोन: कैरो आणि जिनिव्हा. कैरो! इजिप्त इस्रायलशी लढत होता आणि पहिला युद्धविराम ११ जूनला व्हायचा होता, म्हणजे विमान उतरले तेव्हा लढाई चालूच होती. कैरोच्या विमानतळापासून लोदचा विमानतळ चारशे किलोमीटरच्या आत आहे. त्या चारशे किलोमीटरांवरून पुढची तीस वर्षे कोणी प्रवासी विमानाने गेला नाही.

(या विमानाचा शेवट वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ते आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळले आणि आतली ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ ला त्याच डोंगरावर एअर इंडियाचेच 'कांचनजंगा' पडले, त्यात डॉ. होमी भाभा होते. आमच्या लहानपणी कोणी विलायतेला निघाले की मलिद्याचा नवस बोलला जाई, पोहे, खोबरे, साखर, फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले जाई, त्यामागे ही भीती असे.)

इस्रायलला आपले लोक १९४९ पासून जाऊ लागले. त्यातली एक हकिकत इथे सांगायलाच हवी, कारण ती प्रवासाचीच आहे. बीरशेबाकडे गेलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांना काम, घर आणि वागणूक यांत फार वाईट अनुभव आले. त्यांनी तेल अवीवला येऊन ठिय्या दिला: आम्हाला आमच्या घरी, मुंबईला परत पाठवा. १९५२ साली शंभराहून अधिक जणांना ज्यूइश एजन्सीच्या खर्चाने विमानाने मुंबईला आणले गेले. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा धरली आणि गेलेही. दोन हजार वर्षांची वाट पाहून जायचे, परत यायचे, आणि पुन्हा जायचे. या लोकांची आपल्यात कधी कधी थट्टा होते. मला ती आवडत नाही. ज्याने मुलाबाळांना घेऊन तीनदा घर मोडले त्याला विचारा अंतर म्हणजे काय.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून ते लंडनला जाऊ लागले. वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास. प्रवास जवळपास निम्म्यावर आला. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर विमाने मोठी झाली, थांबे न घेता लांब जाऊ लागली, तिकिटे स्वस्त झाली, पण वेग काही वाढला नाही. आज तुम्ही ज्या विमानाने ठाण्याला लग्नाला जाता ते १९६० च्या विमानापेक्षा जोरात उडत नाही. तेव्हा १९६० नंतर आपला प्रवास लांबला किंवा आटपला असेल तर त्याचे कारण इंजिनात शोधू नका. कुठे उतरावे लागते आणि कोणाच्या देशावरून जाऊ देतात, एवढ्या दोनच गोष्टींत ते आहे. वारा तिसरा म्हणा हवे तर. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून मुंबईला पाऊण-एक तास लवकर पोचतो आणि येताना तेवढाच उशीर होतो.

७०७ च्या काळात लंडनला जाणारी काही विमाने बैरुतला थांबत. भाभांचे विमानही दिल्ली आणि बैरुतवरूनच गेले होते. बैरुत ते लोद किती? दोनशे दहा किलोमीटर. मुंबई ते पुण्याहून थोडे जास्त. खिडकीतून दिवे दिसावेत इतके जवळ.

माझी ताई १९७१ मध्ये लग्न होऊन लोदला गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची. तिचा प्रवास तेहरानमार्गे झाला. त्या काळी इराणच्या शहाचे राज्य होते आणि एल आलचे विमान तेहरानहून तेल अवीवला नियमित जाई. सांताक्रूझला आम्ही सारे तिला सोडायला गेलो होतो. आईने पेढ्यांच्या खोक्यात सुक्या बोंबलांची पुडी दडवली होती आणि तिचा वास सगळ्या नातेवाइकांना येत होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षी इजिप्त-इस्रायल तह झाला आणि मग कैरो-तेल अवीव विमान सुरू झाले. एक दार लागले, दुसरे उघडले, पण आपल्या लोकांना त्याचा उपयोग थोडाच. मुंबईहून सरळ विमान नव्हतेच. भारताने इस्रायलला सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली होती, मुंबईत १९५३ पासून इस्रायलची वकिलातही होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडावा लागला. तोवर इस्रायलमध्ये भारताचा दूतावास नव्हता. आता मुंबईला सुट्टीवर जाणाऱ्या तरुण पिढीला याचा अर्थ कळणार नाही, म्हणून आमच्या घरचे सांगते.

नोव्हेंबर १९८९. मी बर्मिंगहॅमला एका रुग्णालयात रात्रपाळी करत होते. रविवारी संध्याकाळी ठाण्याहून भावाचा फोन आला: आईला झटका आला आहे, शुद्ध आहे पण बोलणे अडखळते, तुम्ही दोघी या. त्याने ताईलाही फोन केला. मी वॉर्डच्या सिस्टरला सांगितले, रात्रीच्या बसने हीथ्रोला गेले, सोमवारी जे मिळाले ते तिकीट घेतले. मध्ये एक थांबा होता. मंगळवारी पहाटे मुंबईला उतरले आणि सकाळी ठाण्याला आईच्या खाटेपाशी होते. घरापासून खाटेपर्यंत तीस तासांच्या आतबाहेर.

ताई माझ्यापेक्षा जवळ होती. गोलावरचा दोरा म्हणतो तिला ४,०५० किलोमीटर, मला ७,२००. ती सोमवारी सकाळीच घरातून निघाली, म्हणजे माझ्याबरोबरच. पण तिच्याकडे इस्रायली पासपोर्ट. भारतात यायला व्हिसा हवा आणि तो तिच्या देशात मिळत नव्हता. सरळ विमान नाही. म्हणून ती आधी रोमला गेली. रोम मुंबईच्या दिशेला नाही, उलट्या दिशेला आहे. लोद ते रोम सुमारे २,२७५ किलोमीटर पश्चिमेला, मग रोमहून मुंबई सुमारे ६,२००, त्यातला पहिला भाग आपल्याच घराच्या बाजूने परत. एकूण साधारण ८,४७५. दुपटीहून जास्त. ताई म्हणते, "घराकडे पाठ करून घरी निघाले." रोमला व्हिसाच्या कार्यालयात तिला दोन दिवस बसावे लागले. तिने तार दाखवली. खिडकीमागच्या बाईने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. मी त्या बाईला दोष देत नाही, तिच्या पुढ्यात नियम होता. पण आई मंगळवारी दिवसभर मला एकच विचारत होती. तोंड एका बाजूला गेलेले, शब्द नीट फुटत नव्हते, तरी कळत होते: "ताई आली?" मी म्हणत होते, वाटेवर आहे. खोटे नव्हते.

मंगळवारी रात्री आई गेली. मी नर्स, मला दुपारपासूनच दिसत होते. श्वास बदलला होता.

आपल्यात मयत ठेवत नाहीत. बुधवारी सकाळी हजान आले, शेजारच्या बायकांनी आणि मी मिळून आईला आंघोळ घातली, दुपारपर्यंत दफन झाले. भाऊ म्हणाला, ताईसाठी थांबू या का? वडीलधाऱ्यांनी मला विचारले, कारण मी परदेशातून आलेली, विमानांचे मला कळते असा त्यांचा समज. मी रोमला कोणाला फोन लावणार? ताई कधी सुटेल ते तिलाच माहीत नव्हते. मी म्हटले, थांबू नका. तो निर्णय माझा होता, आणि तो बरोबर होता असे मला आजही वाटते, आणि तरी मी तो ताईला बरीच वर्षे सांगितला नाही. तिला वाटत राहिले की भावाने ठरवले.

ताई शुक्रवारी दुपारी पोचली. शाब्बाथ लागायला तास-दीड तास होता. बसण्याच्या सात दिवसांपैकी तिसरा दिवस. ती दारातच थांबली, चप्पल काढायलाही विसरली, आणि आईच्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली, "मला पाच दिवस लागले." रडण्याआधी तिने हिशेब केला. मग आम्ही दोघींनी आईच्या दिव्यांत तेल घातले आणि शाब्बाथचे दिवे लावले.

मी पुढे अनेक वर्षे इथल्या वॉर्डांत लोकांना फोन करायचे काम केले: लवकर या. नर्सला हे वाक्य नीट बोलता यावे लागते. आम्हाला शिकवले आहे की "आज रात्र निघेल की नाही सांगता येत नाही" असे स्पष्ट म्हणावे. पण फोनच्या पलीकडचा माणूस कुठल्या पासपोर्टचा आहे, त्याच्या आणि या खाटेच्या मध्ये कोणकोणते देश आहेत, हे विचारायची सवय मला १९८९ नंतर लागली. पंजाबी, सोमाली, पोलिश, सगळ्यांना विचारत असे. उत्तरावरून मी ठरवी की फोन आज करायचा की कालच करायला हवा होता.

१९९२ नंतर दूतावास आले, व्हिसा सोपा झाला, आणि पुढे एल आलचे सरळ विमान मुंबईला येऊ लागले. ताईला वाटले, संपला प्रश्न. पण सरळ म्हणजे न थांबता एवढेच. वाट सरळ नव्हती. मुंबई ते लोद सरळ रेषा ओमानच्या आखातावरून, इराणी आखातावरून, इराक आणि सौदी अरबस्तानच्या सीमेजवळून आणि जॉर्डनवरून जाते. यातल्या बहुतेक देशांच्या आकाशात एल आलच्या विमानाला मज्जाव. म्हणून ते लोदहून दक्षिणेला एलातवरून तांबड्या समुद्रात शिरे, दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध खाली बाब-एल-मंदेबपर्यंत जाई, एडनच्या आखातातून बाहेर पडून अरबी समुद्र ओलांडे आणि मग मुंबई. मी नकाशावर मोजले तर हा फेरा साडेपाच हजार किलोमीटरांचा भरतो, म्हणजे दीड हजार जास्त. साडेपाच तासांच्या जागी आठ तास. आपल्या पूर्वजांचे जहाज नवगावला फुटले ते याच समुद्रातून आले असे आपण सांगतो. ताई म्हणायची, आम्हीही त्याच वाटेने येतो, फक्त फुटत नाही.

२२ मार्च २०१८ ला एअर इंडियाचे दिल्ली-तेल अवीव विमान सौदी अरबस्तानच्या आकाशातून गेले. इस्रायलला जाणाऱ्या नियमित प्रवासी विमानाला सौदीने वाट देण्याची ती पहिलीच वेळ. मजा म्हणजे ही परवानगी भारतीय विमानाला होती, एल आलला नाही. एल आलने तक्रार केली ती त्यांच्या जागी बरोबरच होती: एकाच प्रवासाला एकाला दोन तास कमी, दुसऱ्याला दोन तास जास्त. १५ जुलै २०२२ ला सौदीने सर्वच कंपन्यांना आकाश खुले केले. पण सौदी ओलांडून पूर्वेला जायचे तर ओमान मध्ये येते. ओमानने २३ फेब्रुवारी २०२३ ला होकार दिला. तेव्हा कुठे लोद-मुंबई ही रेषा नकाशावर जशी आहे तशी आकाशात झाली. ताई त्या दिवशी फोनवर होती. म्हणाली, "आईला सांगायला हवं होतं."

ते फार टिकले नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर कितीतरी कंपन्यांनी तेल अवीवची विमाने थांबवली, सुरू केली, पुन्हा थांबवली. १३ जून २०२५ ला इराणशी युद्ध सुरू झाल्यावर बेन गुरियन बंदच झाला. ताईची नात तेव्हा ठाण्याला होती, ती अडकली. इकडे माझीही वाट वाकडी झाली, कारण एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानच्या आकाशातून जाता येईना. १९३२ मध्ये इराणने इम्पीरियलला हलवले होते, त्याच घरातली ही सारी भांडणे.

नातवाला मी एवढे सगळे सांगितले नाही. त्याच्या कागदावर जागाही नव्हती. पण त्याने एक प्रश्न आणखी विचारला: ताईआजी आता कुठल्या वाटेने येणार? ताई आता चौऱ्याहत्तरची आहे. गुडघे धरले आहेत, विमानतळावर चाकाची खुर्ची घेते आणि खुर्ची ढकलणाऱ्याला मराठीतून सूचना देते. आईच्या कबरीवरचा दगड कलला आहे, तो बसवायला आम्ही दोघी ठाण्याला भेटायचे ठरवले आहे. मी हीथ्रोहून सरळ निघेन. ताईने तिकीट काढले आहे ते दुबईवरून. इस्रायल आणि अमिराती यांचा करार सप्टेंबर २०२० मध्ये झाला आणि त्याच नोव्हेंबरपासून दुबई-तेल अवीव नियमित विमाने चालू झाली. दुबई, म्हणजे १९३७ च्या त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा थांबा.

पोराने लगेच दोरा घेतला. लोद ते दुबई २,१३० किलोमीटर. दुबई ते मुंबई १,९२७. बेरीज ४,०५७. सरळ रेषेपेक्षा दहा किलोमीटर जास्त.